जायफळाचा एकच वेढा

तेविसाव्या दिवशी सकाळी तेजस्वीने खोलीतल्या दोरीवरचे लंगोट मोजले. तीन भरले. काल याच वेळेला अकरा होते, परवा दहा. तिने पुन्हा मोजले. शाळेच्या ऑफिसात चार वर्षं हजेरीपट सांभाळलेल्या बाईचा पहिल्या मोजणीवर विश्वास नसतो. दुसऱ्यांदाही तीनच.

बाय पाळण्यात निजली होती. बारशाला तिचं नाव वेदिका ठेवलं होतं, पण ते जन्मदाखल्यापुरतं. घरात ती बायच. पहाटेपासून तिने दूध मागितलं नव्हतं. तेजस्वीने दोनदा उचलून छातीशी धरलं, तर दोन घोट ओढले आणि तोंड उघडं ठेवूनच झोपली. तळपायाला टिचकी मारली की कपाळावर आठी उमटायची, आणि ती आठी पुरती विरायच्या आत पुन्हा झोप.

"गुणाची गो माझी बाय," पेजेचा वाडगा घेऊन आत आलेल्या सासूबाई, कमळाबाई, म्हणाल्या. "रात्रभर हूं नाय की चूं नाय. आमचा ओमकार एवढा होता तेव्हा अख्खी मांडवी आळी जागी ठेवलीन होती."

"आई, ती पीत नाहीये."

"पोट भरलं असेल."

"कशाने?"

या प्रश्नाचं उत्तर कमळाबाईंनी पेजेवर तुपाची धार वाढवून दिलं.

तेजस्वीला मुलीला डॉक्टरकडे न्यायचं होतं. एवढंच. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मारुती मंदिराच्या बाजूला, रिक्षाने दहा-बारा मिनिटं. पण बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हा या घरचा कायदा, आणि आज कुठे तेवीस. खोलीला एकच खिडकी, तिच्या फटींत जुन्या साडीच्या चिंध्या कोंबलेल्या, कारण वारा. खाटेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि शेपा, आणि त्यांचा धूर बाहेर जायला वाट नाही म्हणून तोही तिच्यासारखाच आत. डोक्याला रुमाल, कानांत कापूस. समुद्र घरामागे दोनशे पावलांवर होता; तेवीस दिवसांत तिने तो ऐकला नव्हता. कापूस चांगल्या प्रतीचा होता.

खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. पण लांज्याला तिची आई डिसेंबरात अंगणात घसरली, आणि जिने लेकीला शेकायचं तीच पाय प्लास्टरमध्ये घालून पडली. नवरा ओमकार जहाजावर. बारसं उरकलं तसा तो गेला, आणि समुद्रात कुठेतरी रेंज लागली की 'नवजात बाळाची काळजी : दहा सोप्या टिप्स' असलं काहीतरी फोनवर पाठवायचा. त्यातली चौथी टीप होती, आईने पुरेशी झोप घ्यावी.

सल्ल्यांची घरात तशीही टंचाई नव्हती. ओमकारच्या वडिलांची थोरली बहीण येसूबाई शेजारच्या घरात राहायच्या. राहायच्या म्हणजे निजायला तिकडे जायच्या. भाऊ वारल्यापासून या घरावर त्यांची देखरेख होती. कमळाबाई म्हणायच्या, बाळाला उताणं निजव. येसूबाई म्हणायच्या, कुशीवर निजव, नाहीतर डोकं मागून भाकरीसारखं चपटं होतं. कमळाबाई म्हणायच्या, पाजलंस की खांद्यावर घे. येसूबाई म्हणायच्या, घे, आणि मग पाच वर्षाची होईस्तो खांद्यावरच बसव. दुपटं एकीला घट्ट हवं, दुसरीला सैल. नखं एकीने सांगितली बाळ झोपेत असताना कातरायला, दुसरीने दाताने खुडायला. तेजस्वी दोघींचं ऐकायची. खोलीत कोण आहे त्यावर बायची कूस ठरायची.

एकाच गोष्टीवर सगळ्यांचं जमलं होतं, ती म्हणजे गुटी. कोनाड्यात सहाण होती, शेजारी पितळी डबी. डबीत वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक, जायफळ. ओल्या सहाणेवर एकेक जिन्नस गोल फिरवायचा. एकदा फिरवला की एक वेढा. पाचवीच्या दिवशीच येसूबाईंनी डबी उघडून जायफळ दोन बोटांत धरलं होतं आणि सगळ्यांना दाखवलं होतं. "महिना होईस्तो याला कोणी हात लावायचा नाय. मोठ्या माणसाला गुंगी आणतं हे." कमळाबाईंनी मान हलवली. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या जनीने हलवली. तेजस्वीनेही हलवली.

आणि काल पाचच्या सुमाराला तिने ते जायफळ उगाळलं होतं.

आळीत एका घरी पूजा होती, दोघी वडीलधाऱ्या तिकडे गेल्या होत्या. चारच्या ठोक्याला बायने सूर धरला. रोजचंच होतं ते, पण रोज निदान सांगायला कोणीतरी असायचं. तेजस्वीने खांदा केला, कूस केली, पाळणा केला, ओव्याची गरम पुरचुंडी पोटाला लावून पाहिली. नऊ दिवस ती सलग दोन तास झोपली नव्हती. पाच वाजत आले तेव्हा हात आपोआप कोनाड्याकडे गेला. सहाणेवर चार थेंब पाणी, त्यावर जायफळ, मनगट एकदा गोल. एकच वेढा. करंगळीच्या नखावर मावेल एवढा गंध तिने बायच्या जिभेला लावला.

थोड्या वेळाने घर गप्प झालं.

मग तरी झोपावं की नाही? नाही. तिने कानांतला कापूस काढला, फटीतल्या चिंध्या काढल्या आणि खिडकी चार बोटं उघडली. समोर बोळात एक माणूस बंद पडलेल्या स्कूटरला किका मारत होता. ती सुरू होऊन तो दिसेनासा होईपर्यंत तेजस्वी बघत राहिली. इतकं चांगलं काही तिने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मग खिडकी लावली, चिंध्या कोंबल्या आणि सहाण धुऊन होती तशी ठेवली.

आता पेच असा होता : डॉक्टर विचारणार, दुधाशिवाय काय दिलंत? खोटं सांगितलं तर मुलीचं काय होईल कोण जाणे. खरं सांगितलं तर या खोलीत उरलेले सतरा दिवस तिचं काय होईल ते मात्र पक्कं ठाऊक होतं, आणि पुढची सतरा वर्षंही. वेढा दिला बायला, पडला तेजस्वीभोवती. पेज तशीच ठेवून ती सकाळी सातपासून पाळण्याकडे बघत बसली होती. होईल जागी. आता होईल. हा घोट ओढला की, ही कूस बदलली की.

साडेनऊला जनी आली. जनी म्हणजे हाताने काम आणि तोंडाने जाहिरात. "निजलीय काय? निजणारच. जनीच्या हातचं पोर ते. खालच्या आळीत विचारा, न्हाणं झालं की तीन-तीन तास पापणी हलत नाय." तिने पायांचा पाळणा केला, बायला त्यावर पालथं घातलं, तेल चोळलं आणि ऊन पाण्याचा पहिला तांब्या पाठीवर ओतला.

रोज या तांब्याला बाय असा टाहो फोडायची की बोळातून जाणारा माणूस थबकायचा. आज काही नाही. पाणी पाठीवरून ओघळलं, जनीचा दुसरा तांब्या हवेतच राहिला.

"रडली नाय हो, वैनी," ती म्हणाली. पहिल्यांदाच हळू आवाजात.

तेजस्वीने बायला तिच्या पायांवरून उचललं, पुसलं, दुपट्यात गुंडाळलं. कोपऱ्यात गोणपाटाखाली तिच्या चपला होत्या. त्या तिने पायाने बाहेर ओढल्या. "मी डॉक्टरकडे जाते."

येसूबाई तेवढ्यात आल्याच. त्यांना कोणी बोलवावं लागत नसे. "तेविसावा दिवस गो आज!"

"मोजलेत मी, आत्या."

"वारा लागला तर जन्मभर कंबर धरून बसशील."

"बसेन."

"आणि लोक विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

"सांगा, बसलीय म्हणून."

या घरात असं कोणी बोलत नसे. तेजस्वी उंबऱ्यापलीकडे गेली. उन्हाने डोळे दिपले. मागून पायऱ्या वाजल्या. कमळाबाई होत्या, हातात शाल. "डोक्यावर घे," एवढंच म्हणाल्या आणि रिक्षात शेजारी बसल्या. मग रिक्षा हलायच्या आत येसूबाईही चढल्या. आपल्या माघारी काय बोललं जाईल हे ऐकायचं असेल तर माघारी राहून चालत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. बायला टेबलावर घेऊन त्यांनी टाळू चाचपली, छाती ऐकली, तळपायाला तेजस्वीपेक्षा चांगली जोरात टिचकी मारली. आठी. झोप.

"दुधाशिवाय काय देता?"

"काही नाय," कमळाबाई.

"गुटी फक्त," येसूबाई. जणू नुसती हवा देतो, अशा सुरात.

"गुटीत काय काय? जायफळ?"

"छे हो! महिना होईस्तो जायफळाला आमच्याकडे बंदी आहे. मीच घातलीय."

तेजस्वी दोघींच्या मध्ये बाकावर बसली होती. डावीकडे सासू, उजवीकडे आत्या, समोर टेबल, मागे भिंत. "मी दिलं," ती म्हणाली. "काल पाचच्या सुमाराला. एक वेढा."

येसूबाईंच्या चेहऱ्यावर आधी धक्का आला आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी लगेच, समाधान. "ऐकलंत डॉक्टर? या शिकलेल्या पोरी! घरात दोन-दोन जाणती माणसं असताना! तान्ह्या पोराला गुंगी देऊन ही…"

तेजस्वी वाट बघत होती ती सासूच्या शब्दांची. पण कमळाबाई फरशीकडे बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. तेवढ्यापुरतं बायच्या तोंडून बारीक 'आं' आलं, आणि तिघींनीही श्वास घेतला. "साखर जरा उतरलीय. दूध काढून वाटी-चमच्याने द्यायचं, थोडं थोडं, आणि ती नीट जागी होईपर्यंत इथून हलायचं नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण काल पाचला एक वेढा, आणि आज अकरा वाजता ही अवस्था? माझ्या मनाला पटत नाही. आणखी कोण देतं? मला कोणाला रागवायचं नाहीये. पोटात किती गेलंय ते कळलं तर मला उपयोग आहे."

खोलीत पंखा फिरत होता. कमळाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"सकाळी," कमळाबाई आपल्या पदराला म्हणाल्या. "मी देते. ही न्हाणीत गेली की. रोज एकच."

"कमळे!" येसूबाई उभ्याच राहिल्या. "मी बंदी घातलेली असताना?"

"तुम्हीच म्हणत होतात ना वन्सं, मूल रडतं म्हणजे घरात सांभाळायची अक्कल नाय. चार घरी बोललात. माझ्या कानावर येत नाय असं वाटतं तुम्हाला?"

"म्हणून चोरून?"

"उघड देऊ दिलं असतंत?"

"कधीपासून देताय?" डॉक्टरीणबाई.

"सोमवारपासून. आज सकाळीपण दिलं. सहाला."

"आणि आजी, तुम्ही?"

"मी बंदी घालणारी."

"ते कळलं. तुम्ही दिलंत का?"

येसूबाई खाली बसल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दुपारचा. मंगळवारपासून, ही जेवायला बसली की. पण माझा हात हलका आहे, डॉक्टर. बंदी जड हातांसाठी होती."

राहिली जनी. कमळाबाईंनी फोन लावला, डॉक्टरीणबाईंनी स्पीकरवर घेतला. "गुटी? मी नाय हो कधी दिली गुटी! देवाशपथ!" आणि मग, नेमकं जायफळाचं विचारल्यावर, नळ बंद केल्याचा आवाज. "न्हाणं झालं की जिभेला तेवढं. एकच वेढा. माझं जायफळ माझ्या पदराला असतं. पोर निजलं नाय तर माणसं म्हणतात जनीचा हात बरा नाय, पाच घरी जाते मी, बाई. सोमवारपासून कालपर्यंत. आज नाय दिलं. आज ती आधीच निजलेली."

म्हणजे गेला आठवडाभर घरातली प्रत्येक बाई पाळण्यात डोकावून आपल्याच हाताचं कौतुक करत होती. एक झोप, आणि तिच्यावर तिघींची नावं.

तेजस्वीने मोजलं. न मोजून कुठे जाते. सासूचे सहा, जनीचे पाच, आत्याचे चार, आपला एक. सोळा. सोळांतला एक. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. इतकं की तिला त्याची लाज वाटली. आणि त्या लाजेतच दुसरा आकडा पुढे आला. तिघींचे वेढे पडत होते तेव्हाही दोरीवर दहा-अकरा लंगोट होते. ते तीनवर आले ते कालच्या दिवसानंतर, आणि काल नवीन पडलेला वेढा एकच होता. हा हिशेब त्या खोलीत फक्त तिलाच मांडता येत होता, कारण लंगोट फक्त तिनेच मोजले होते. डॉक्टरीणबाईंना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तेजस्वीने वाटी हातात घेतली आणि पडद्याआड दूध काढायला गेली. तो आकडा तिने कोणाला सांगितला नाही, आणि तो तिच्या आत कायमचा राहायला आला.

दर अर्ध्या तासाने चमचा. पहिले चार ओठांच्या कडेने बाहेर आले. एक वाजता एक गिळला गेला. दोनला लंगोट ओला झाला आणि कमळाबाईंनी तो असा उंच धरून दाखवला की बाहेर बसलेली माणसं बघायला लागली. तीन वाजून गेल्यावर बायने एक डोळा उघडला, दिसलं ते तिला पसंत पडलं नाही, आणि तिने जो टाहो फोडला त्याने बाहेरची आणखी दोन मुलं रडायला लागली.

"सहा महिने फक्त आईचं दूध," डॉक्टरीणबाई त्या गोंगाटावरून ओरडून सांगत होत्या. "पाणी नाही, मध नाही, गुटी नाही, चाटण नाही. रडली तर रडू दे. आधी बघा भूक आहे का, ओली आहे का, उकडतंय का. दोन-तीन महिन्यांत संध्याकाळची रड आपोआप कमी होते. आणि घरात दुसरं कोणी काही देत असेल तर एकमेकींना सांगा हो!"

शेवटच्या वाक्याला तिघींनी माना हलवल्या.

घरी आल्यावर येसूबाईंनी आधी कोनाड्यातली सहाण आणि डबी उचलून आपल्या घरी नेली, सगळा गुन्हा त्या दगडाचाच असावा तशी. परत आल्या त्या दारातच थांबल्या. "आता आम्ही बाई हात लावणार नाय. तुमचे डॉक्टर आहेत, तुमचं पोर आहे." दोन पावलं जाऊन पुन्हा वळल्या. "आणि उंबरा ओलांडलास, तेव्हा सव्वा महिना परत पहिल्यापासून मोजायचा. हे डॉक्टरला नाय कळायचं." जनीचा निरोप आला, उद्यापासून जमणार नाही, कंबर धरलीय.

आज सकाळपर्यंत तेजस्वीला या सगळ्यांच्या सल्ल्यांतून सुटायचं होतं. सुटली. साडेपाच वाजता बायने सूर धरला तेव्हा कूस कुठली, दुपटं सैल की घट्ट, सांगायला खोलीत कोणी नव्हतं. तिने पाजलं. लंगोट बघितला. टोपरं काढलं. शेगडी उचलून बाहेर ठेवली. चिंध्या काढून खिडकी सताड उघडली; कोणी 'वारा' म्हणालं नाही. बाय रडत होती. खिडकीपासून पाळण्यापर्यंत सात पावलं, पाळण्यापासून खिडकीपर्यंत सात. बोळात काय चाललंय ते बघायला तिला मान वळवता येत नव्हती, कारण मानेवरच्या केसांत मुलीची मूठ होती. चौदा पावलांचं एक आवर्तन, अशी शंभरेक झाली असतील. दार उघडं होतं. उघड्या दारातूनही तिला कुठे जाता येणार नव्हतं.

साडेसहाला दारात सावली पडली. कमळाबाई. उंबऱ्याच्या बाहेर उभ्या, आत नाहीत.

"पाजलंस?"

"हो."

"ढेकर?"

"निघत नाहीये."

कमळाबाई तशाच उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात काहीतरी फोडणीला टाकायचं राहिलं होतं, तेलाचा वास येत होता. मग त्या आत आल्या. बायसाठी हात पुढे केले नाहीत. नुसता उजवा हात पुढे केला, बोटं पसरली आणि ती तेजस्वीच्या नाकाशी धरली.

"हुंग," त्या म्हणाल्या.

तेजस्वीने त्यांच्याकडे बघितलं. कमळाबाई दुसरीकडे, भिंतीकडे बघत होत्या, पण हात हलला नाही. तेजस्वीने वाकून बोटं हुंगली. सोललेली कोळंबी, लसूण, आणि त्याखाली भांड्यांचा साबण. जायफळ नव्हतं.

"डावा," ती म्हणाली.

कमळाबाईंनी डावा पुढे केला. तोही तिने हुंगला, एकेक बोट, सावकाश.

मग तिने बाय त्यांच्या खांद्यावर दिली.